चाव्या मुलांकडे, परवाना विद्यापीठाकडे : ह्यूस्टनच्या केटीआरयूची गोष्ट

ऑगस्ट 2010 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने केटीआरयू हे आपलं रेडिओ केंद्र विकत असल्याचं जाहीर केलं. व्यवहारात होतं काय? 91.7 मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी, तिचा परवाना आणि 50,000 वॉटची प्रक्षेपण यंत्रणा. किंमत 95 लाख डॉलर. स्टुडिओ त्यात नव्हता. रेकॉर्ड आणि सीडींनी भरलेली कपाटं नव्हती. रात्री-अपरात्री शिफ्टला येऊन बसणारी मुलंही अर्थातच नव्हती. त्यांना सांगण्यात आलं, की रेडिओ तुमचाच राहील, फक्त आता तो इंटरनेटवर चालवा.

मी एका महाविद्यालयाच्या सामुदायिक रेडिओत काम करते. दर जूनमध्ये नवी मुलं येतात, कन्सोलवरचे फेडर वरखाली करून बघतात, हेडफोन कानाला लावून स्वतःचाच आवाज ऐकून लाजतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना हे केटीआरयूचं प्रकरण सांगते. अमेरिकेतलं असलं तरी त्यातला प्रश्न आपल्या दाराशीच उभा आहे. जे केंद्र मुलं चालवतात, ते मुलांचं असतं का?

बझरच्या तारांपासून पन्नास हजार वॉटपर्यंत

राइसमध्ये विद्यार्थी वेगवेगळ्या निवासी कॉलेजांत राहतात. त्यांतल्या हॅन्सन कॉलेजमधल्या काही मुलांनी 1967 मध्ये खोल्याखोल्यांतून फिरलेल्या बझरच्या तारांचाच अँटेना म्हणून उपयोग केला आणि दोन-चार मजल्यांपुरता रेडिओ सुरू केला. परवानगी, अंदाजपत्रक, समिती असलं काही त्यामागे नव्हतं. एका इमारतीतल्या मुलांनी त्याच इमारतीतल्या मुलांसाठी लावलेली गाणी, एवढाच तो मामला होता.

1971 मध्ये एफएमचा परवाना मिळाला, 10 वॉटचा. दहा वॉट म्हणजे घरातल्या एका एलईडी दिव्याएवढी वीज. कॅम्पस आणि आजूबाजूच्या गल्ल्या, इथवर आवाज पोहोचायचा. पुढे ताकद टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि 1991 मध्ये केंद्र थेट 50,000 वॉटवर गेलं. ट्रान्समीटर कॅम्पसपासून दूर, शहराच्या ईशान्येला हम्बलजवळ उभा राहिला. कॅम्पसवर नीट ऐकू यावं म्हणून 91.5 वर एक छोटा ट्रान्सलेटर, म्हणजे तेच प्रक्षेपण पुन्हा सोडणारं यंत्र, ठेवावा लागला. आता अख्खं ह्यूस्टन, अमेरिकेतलं चौथ्या क्रमांकाचं शहर, या मुलांच्या आवाक्यात आलं.

माझ्या मते या प्रकरणाची मेख 2010 च्या विक्रीत नाही, ती 1991 मध्ये आहे. दहा वॉटचं केंद्र कोण विकत घेणार? त्याला बाजारात किंमतच नसते. अमेरिकेत 88 ते 92 मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगर-व्यावसायिक केंद्रांसाठी राखीव आहे. मोठ्या शहरांत तो केव्हाच भरून गेलेला आहे. नवी जागा मिळत नाही, त्यामुळे कोणाला आत यायचं असेल तर कोणीतरी बाहेर पडावं लागतं. सार्वजनिक रेडिओची मोठी केंद्रं आणि धार्मिक प्रसारणाच्या साखळ्या अशा जागांच्या शोधातच असतात. पन्नास हजार वॉट मिळाले त्या दिवशी केटीआरयूच्या मुलांना मोठा आवाज मिळाला आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या मालमत्तेत एक विकाऊ वस्तू जमा झाली. तेव्हाच्या मुलांच्या मनात फक्त आवाज आला असणार. मीही त्यांच्या जागी असते तर वेगळं काय केलं असतं, कोण जाणे.

त्या आवाजात काय होतं

केटीआरयूवर कधीही काहीही लागायचं, असं म्हटलं तर ते कौतुकच आहे. नॉइज आणि प्रायोगिक संगीताला 'जेनेटिक मेमरी', पंक आणि हार्डकोरला 'म्यूटंट हार्डकोर फ्लॉवर आवर', असे एकेका वेडाला वाहिलेले तास होते. विद्यार्थ्यांबरोबर शहरातली माणसंही स्वयंसेवक म्हणून शिफ्ट घ्यायची. व्यावसायिक केंद्रावर जे वाजणं शक्यच नव्हतं, ते इथं वाजायचं आणि त्यासाठीच हा रेडिओ लावला जायचा.

बाहेरच्या माणसाला अशा केंद्राची किंमत कळत नाही याचं एक कारण म्हणजे आतलं काम त्याला दिसत नाही. अमेरिकी कॉलेज रेडिओत एक जुनी पद्धत आहे, ती मला फार आवडते. नवी रेकॉर्ड आली की कोणीतरी ती अख्खी ऐकायची, पांढऱ्या लेबलवर पेनाने चार ओळी लिहायच्या आणि ते लेबल कव्हरवर चिकटवायचं. कुठलं गाणं आधी ऐकावं. कुठल्या गाण्याची सुरुवात इतकी हळू आहे, की श्रोत्याला रेडिओ बंद पडला असं वाटेल. कुठल्या गाण्यात शिव्या आहेत आणि म्हणून ते रात्री दहाच्या आत लावायचं नाही. तिथल्या नियमानुसार रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात तशी सूट मिळते. मग पुढचा डीजे त्याच लेबलवर खाली लिहितो, अजिबात पटलं नाही, तिसरं गाणं सर्वांत चांगलं आहे. त्याच्या खाली तिसरा. दहा वर्षांनी कोणी अठरा वर्षांची मुलगी पहाटे तीनच्या शिफ्टला ती रेकॉर्ड काढते आणि कधीही न भेटलेल्या तीन माणसांचं भांडण वाचता वाचता सुई ठेवते.

संगीत ऐकायला शिकवण्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. आम्हीही हे उचललं आहे. आमच्याकडे रेकॉर्ड नाहीत, म्हणून एक लांब वही केली. भारूड, ओव्या, मुलाखती, गावातल्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण, जे काही येतं त्याची नोंद होते आणि त्याखाली मुलांचे शेरे. "आजी सातव्या मिनिटाला रडतात, तिथं कट करू नये" असं एका मुलाने लिहिलं होतं. त्याच्या खाली दुसरीने लिहिलं, "आजींना विचारलं का?" तेव्हापासून आम्ही विचारतो.

2000 ची सूचना

विक्रीच्या दहा वर्षं आधी धोक्याची घंटा वाजून गेली होती. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला केटीआरयूवरून आपल्या सामन्यांचं जास्त प्रक्षेपण हवं होतं. मुलांना आपल्या कार्यक्रमांचे तास द्यायचे नव्हते. 2000 च्या अखेरीस महिला बास्केटबॉलच्या एका सामन्याच्या धावत्या वर्णनावरच डीजेंनी संगीत सोडलं. विद्यापीठाने केंद्राला कुलूप लावलं. मुलांनी निदर्शनं केली, बोलणी झाली, आठवडाभराने केंद्र पुन्हा मुलांच्या हाती आलं.

डीजेंनी केलं ते चूकच होतं. मैदानावरच्या खेळाडूही विद्यार्थिनीच होत्या आणि त्यांच्या सामन्याच्या आवाजावर आवाज चढवणं हे रेडिओवाल्याला शोभणारं नाही. पण मला जास्त सलतं ते पुढचं. त्या आठवड्यात एक गोष्ट सगळ्यांना उघड दिसली होती, की कुलूप विद्यापीठाचं आहे. ते लागू शकतं आणि एका दिवसात लागतं. केंद्र परत मिळालं, सगळ्यांना हायसं वाटलं आणि कुलपाचा प्रश्न तसाच राहिला. विद्यार्थ्यांची पिढी चार वर्षांत बदलते. 2000 मध्ये निदर्शनं केलेलं कोणीही 2010 मध्ये कॅम्पसवर शिकत नव्हतं. प्रशासनाची आठवण लांब असते आणि मुलांची चार वर्षांची. मुलांनी चालवलेल्या प्रत्येक संस्थेची ही दुखरी नस आहे.

उन्हाळ्यातला व्यवहार

ह्यूस्टनमध्येच ह्यूस्टन विद्यापीठाचं केयूएचएफ नावाचं सार्वजनिक रेडिओ केंद्र आहे, 88.7 वर. त्यावर बातम्या आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत असं दोन्ही चालायचं आणि दोन्हींचे श्रोते एकमेकांच्या तासांवर नाराज असायचे. दुसरी फ्रिक्वेन्सी मिळाली तर एकीवर चोवीस तास बातम्या आणि दुसरीवर चोवीस तास संगीत करता येणार होतं. केटीआरयूची 91.7 त्यांना हवी होती ती यासाठी. त्यांची गरज खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं.

राइसची बाजूही ऐकून घेऊ. अध्यक्ष डेव्हिड लीब्रॉन यांचा मुद्दा असा होता, की ही मालमत्ता मौल्यवान आहे पण तिचा पुरेसा वापर होत नाही. श्रोतेसंख्येच्या मोजणीत केंद्राचं नावही उमटत नाही, काळ इंटरनेटचा आहे. आलेल्या पैशांतून विद्यार्थ्यांसाठीच सोयी होतील. त्या सोयींमध्ये एका नव्या भोजनगृहाचा समावेश होता. रेडिओ विकून जेवणघर, ही गोष्ट मुलांच्या जिव्हारी लागली नसती तरच नवल.

श्रोतेसंख्येचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण तेव्हाची मोजणी ठरावीक श्रोत्यांच्या नमुन्यावर चालायची आणि ती जाहिरातदारांसाठी होती. जे केंद्र जाहिरात घेतच नाही, ज्याचा प्रत्येक तास वेगळ्या माणसांसाठी आहे, त्याला त्या काट्यावर तोललं तर वजन शून्यच येणार. शिवाय महाविद्यालयीन केंद्रात ऐकणाऱ्यांइतकंच महत्त्व चालवणाऱ्यांना असतं. प्रयोगशाळेत किती प्रेक्षक आले हे कोणी मोजत नाही.

विक्रीचा निर्णय एकवेळ समजून घेता येतो. ज्या रीतीने तो झाला, तिचं समर्थन मला करता येत नाही. बोलणी गुपचूप झाली. मुलांशी चर्चा झाली नाही. ऑगस्टच्या मध्याला, सुट्टी संपायच्या आत, बातमी आधी शहरातल्या वर्तमानपत्रातून फुटली आणि दुसऱ्या दिवशी ह्यूस्टन विद्यापीठाच्या नियामक मंडळाने खरेदीला मान्यताही देऊन टाकली. ज्या मुलांनी केंद्र चालवलं, त्यांना ते विकलं गेल्याचं बाहेरच्यांबरोबरच कळलं.

हे वाचताना माझ्या पोटात तुटतं, कारण लहान प्रमाणात हे मी पाहिलं आहे. मी पूर्वी ज्या केंद्रावर होते, तिथं रात्री आठ ते नऊ हा तास पूर्णपणे मुलांचा होता. एका मे महिन्यात, परीक्षा संपून मुलं गावी गेल्यावर, तो बंद झाला. मला कळलं ते स्टुडिओच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून. कारण काय लिहिलं होतं तेही आठवतं : "प्रशासकीय सोयीसाठी". जूनमध्ये मुलं परत आली तेव्हा त्यांना सांगण्याचं काम माझ्यावर आलं. एक मुलगा काहीच बोलला नाही. त्याने खिशातला पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला, सुट्टीत गावातल्या विहिरी खोदणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन आला होता. तो पेन ड्राइव्ह बराच काळ माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

कायदा काय बघतो

केटीआरयूची मुलं गप्प बसली नाहीत. माजी विद्यार्थी, शहरातले श्रोते आणि डीजे यांनी मिळून 'फ्रेंड्स ऑफ केटीआरयू' अशी संघटना उभी केली. अमेरिकेत रेडिओ परवान्याचं हस्तांतर केंद्रीय दळणवळण आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, मंजुरीशिवाय होत नाही आणि त्यावर कोणालाही हरकत घेता येते. संघटनेने रीतसर हरकत नोंदवली.

इथं कायद्याची भिंत लागते. केंद्रावर कुठलं संगीत वाजतं, ते बदललं तर शहराचं काय जातं, हे एफसीसी बघत नाही. कार्यक्रमांचं स्वरूप बाजारावर सोडायचं असं तिचं धोरण आहे आणि 1981 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या केंद्राच्या श्रोत्यांनी लढवलेल्या खटल्यात ते उचलून धरलं. तेही शास्त्रीय संगीताचं केंद्र होतं. तेव्हा शास्त्रीय संगीताचे श्रोते आपलं केंद्र वाचवायला झगडत होते. तीस वर्षांनी ह्यूस्टनमध्ये शास्त्रीय संगीतासाठी दुसऱ्या कोणाचं केंद्र जात होतं.

आयोगापुढे खरा प्रश्न एवढाच होता : विकणारा परवान्याचा मालक आहे का आणि घेणारा पात्र आहे का? दोन्हींचं उत्तर होय होतं. परवान्यावर राइस विद्यापीठाचं नाव होतं. 1967 पासून गाणी कोणी लावली, लेबलं कोणी लिहिली, पहाटेच्या शिफ्टला कोण जागलं, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. एप्रिल 2011 मध्ये मंजुरी मिळाली. 28 एप्रिलच्या सकाळी 91.7 वरून केटीआरयू गेलं. मे महिन्यात त्या जागी केयूएचए या नावाने शास्त्रीय संगीत सुरू झालं.

परवान्यावर मुलांचं नाव असतं तर?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि मुलांचा सूर असा असतो, की मग काही झालंच नसतं. मला पूर्वी असंच वाटायचं. पण तेवढ्या काळातली बाकीची प्रकरणं शेजारी ठेवली की ते इतकं सोपं राहत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचं केयूएसएफ घ्या. तिथं परवाना विद्यापीठाचाच होता आणि जानेवारी 2011 मध्ये एका सकाळी केंद्र अचानक बंद करून 37 लाख 50 हजार डॉलरच्या व्यवहारात काढलं गेलं. हे राइससारखंच, किंबहुना जास्त कठोर. पण नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डब्ल्यूआरव्हीयूचा परवाना विद्यार्थी माध्यमांसाठीच स्थापन केलेल्या वेगळ्या संस्थेकडे होता, तिच्या मंडळावर विद्यार्थीही होते. त्या मंडळानेच 2011 मध्ये 91.1 ची फ्रिक्वेन्सी 33 लाख 50 हजार डॉलरला शहरातल्या सार्वजनिक रेडिओला द्यायचं ठरवलं. आणि ऱ्होड आयलंडच्या ब्राउन विद्यापीठातलं डब्ल्यूबीआरयू तर विद्यापीठापासून स्वतंत्र, विद्यार्थ्यांनी चालवलेल्या ना-नफा संस्थेचं होतं. 2017 मध्ये त्यांनी स्वतःच 95.5 ही फ्रिक्वेन्सी 56 लाख 30 हजार डॉलरला एका ख्रिस्ती संगीताच्या साखळीला विकली.

मग फरक काय पडला? ब्राउनमध्ये वाद झाले, माजी विद्यार्थी चिडले, पण निर्णय संस्थेच्या आत झाला आणि पैसा संस्थेकडेच राहिला, पुढच्या मुलांच्या कामासाठी. राइसमध्ये दोन्ही गोष्टी मुलांच्या हाताबाहेर होत्या. परवान्यावरचं नाव तुम्हाला विक्रीपासून वाचवेलच असं नाही. विकायचं का, यावर बोलायची खुर्ची मात्र त्याने मिळते. केटीआरयूच्या मुलांकडे ती खुर्ची नव्हती आणि 2000 नंतरच्या दहा वर्षांत ती मिळवायचा प्रयत्न व्हायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं. फार नाही, एक लेखी करार पुरला असता : केंद्राच्या मालमत्तेबाबत काहीही ठरवण्याआधी एक सत्रभर आधी चालकांना सांगावं, तेही सुट्टीत नाही.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं, 2002 च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ खुला झाला आणि 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना 2006 पासून परवानगी मिळू लागली. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा रेडिओ आहे. यांतल्या कोणाचीही परवानगी विकता येत नाही, ती हस्तांतरणीयच नाही. म्हणजे 95 लाख डॉलरचा मोह आपल्या कुलगुरूंना होण्याची शक्यता नाही. पण परवानगी संस्थेच्याच नावावर असते, विद्यार्थ्यांच्या मंडळाला ती मागताही येत नाही. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. त्यामुळे आपल्याकडची केंद्रं विकली जात नाहीत, ती हळूहळू मुकी होतात. आधी मुलांचा तास जातो, मग थेट कार्यक्रम जातो, मग दिवसभर ध्वनिमुद्रित व्याख्यानं फिरत राहतात. फ्रिक्वेन्सी जागेवर, मनोरा जागेवर, दिवा लागलेला. त्याविरुद्ध हरकत कुठं नोंदवायची?

मधली चार वर्षं

केटीआरयूच्या मुलांनी विक्रीनंतर केलं ते मला त्यांच्या लढ्याहूनही मोठं वाटतं. ते शिफ्ट लावत राहिले.

हस्तांतर व्हायच्या आधीच, फेब्रुवारी 2011 मध्ये, ह्यूस्टनच्या केपीएफटीने आपल्या 90.1 च्या डिजिटल उपवाहिनीवर केटीआरयूला जागा दिली. केपीएफटी हे श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं केंद्र. 1970 मध्ये, सुरू झालं त्याच वर्षी, त्याचा ट्रान्समीटर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या लोकांनी दोनदा बॉम्बने उडवला होता. आवाज बंद पडणं म्हणजे काय, हे त्या केंद्राला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण डिजिटल उपवाहिनी ऐकायला खास रेडिओ संच लागतो आणि तो फार थोड्यांकडे होता. गाडीत बसून बटण फिरवता फिरवता केटीआरयू लागलं, असं आता होणार नव्हतं. इंटरनेटवर ते होतंच, पण तिथं तुम्ही त्याला शोधत जावं लागतं. रेडिओची सगळी गंमत नकळत सापडण्यात आहे आणि नेमकी तीच गेली होती. अशा वेळी मंडळं विरतात. कोण ऐकतंय, असं एकजण म्हणतो, दुसरा पुढच्या आठवड्यात येत नाही, तिसरा चावी परत करतो. इथं तसं झालं नाही. नवी मुलं भरती होत राहिली. 91.7 कधीच न ऐकलेल्या मुलांना 91.7 च्या मुलांनी शिफ्ट कशी घ्यायची ते शिकवलं. स्टुडिओ होता, कपाटं होती, लेबलं होती, वेळापत्रक होतं. नव्हती फक्त हवा.

ती हवा एका वेगळ्याच वाटेने आली. जानेवारी 2011 मध्ये, म्हणजे केटीआरयूची हरकत आयोगापुढे पडून असतानाच, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी स्थानिक सामुदायिक रेडिओच्या कायद्यावर सही केली. मोठ्या केंद्रांच्या जवळच्या फ्रिक्वेन्सींवर कमी ताकदीच्या केंद्रांना बसायला जी जाचक बंदी होती, ती या कायद्याने सैल केली आणि मोठ्या शहरांतही फटी मोकळ्या झाल्या. 2013 च्या शरद ऋतूत अर्जांची खिडकी थोड्याच दिवसांसाठी उघडली. अशा अर्जात जागा, अँटेनाची उंची, कार्यक्रमांची कल्पना, चालवणारी माणसं, सगळं मांडावं लागतं. जे मंडळ दोन वर्षांपूर्वीच विरून गेलं असतं, त्याला ती खिडकी उघडल्याचा पत्ताही लागला नसता. केटीआरयूकडे सगळं तयार होतं, कारण ते कधी थांबलेच नव्हते.

ऑक्टोबर 2015 मध्ये केटीआरयू 96.1 वर परत आलं. या कमी ताकदीच्या वर्गातल्या केंद्रांना कमाल ताकद असते 100 वॉट. आपल्याकडच्या सामुदायिक रेडिओलाही प्रक्षेपणाची मर्यादा तेवढीच, 100 वॉट. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आत्तापर्यंत गोष्टीतलं केंद्र कुठल्या कुठे होतं, पन्नास हजार वॉटचं. आता ते आमच्याएवढंच झालेलं असतं. मग कोणीतरी छताच्या दिशेने, आमच्या मनोऱ्याकडे, बोट दाखवतं.

91.7 चं पुढं काय झालं, हेही ते विचारतात. ह्यूस्टन विद्यापीठाला शास्त्रीय संगीताची वेगळी वाहिनी परवडेना. 2015 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे केटीआरयू परत यायच्या जेमतेम दोन महिने आधी, त्यांनी ती विकायला काढली आणि संगीत आपल्या डिजिटल उपवाहिनीवर हलवायचं ठरवलं. 2016 मध्ये 1 कोटी डॉलरला ती फ्रिक्वेन्सी एका ख्रिस्ती संगीताच्या संस्थेने घेतली. केटीआरयू 96.1 वर आहे. कॅम्पस आणि भोवतालच्या काही मैलांत ते ऐकू येतं, त्यापुढे खरखर सुरू होते.